व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये टेंडर नसलेली टँक इंजिनं एवढी का बनवली? ती फक्त शंटिंगसाठी होती का?

नाही हो, शंटिंग, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणं, हे त्यातलं एक काम झालं. बऱ्याच जणांना वाटतं की "मागे कोळशाचा डबा नाही म्हणजे स्वस्तातलं इंजिन असणार", मलाही लहानपणी असंच वाटायचं. आजोबा कुर्डुवाडीला नॅरोगेजवर फिटर होते, त्यांच्यापुढे हे बोललो तर म्हणाले, "स्वस्त कसलं, पाणी कुठं ठेवायचं ते सांग आधी मला."

तर मुद्दा पाण्याचा आहे. मोठ्या इंजिनाच्या मागे टेंडर नावाचा डबा असतो, त्यात कोळसा आणि पाणी. टँक इंजिन दोन्ही स्वतःच्या अंगावर वागवतं. याचा फायदा मुंबईकराला लगेच कळेल. आपली लोकल सीएसएमटीला आली की मोटरमन दुसऱ्या टोकाला जातो आणि तीच गाडी परत निघते, पण वाफेच्या टेंडरवाल्या इंजिनाला प्रत्येक वेळी टर्नटेबलवर, म्हणजे रुळांच्या गोल फिरत्या चौथऱ्यावर, फिरवून आणावं लागायचं, आणि उलटं चालवलं तर समोर टेंडर आडवा, वारा अंगावर, कोळशाची भुकटी डोळ्यात. लंडनची उपनगरं वाढायला लागली, त्यात १८८३ च्या चीप ट्रेन्स ॲक्टने कामगारांसाठी स्वस्त गाड्या सोडणं कंपन्यांच्या गळ्यात घातलं, मग दर थोड्या वेळाने गाडी आणायची आणि परत न्यायची तर टर्नटेबलचा घोळ घालायला वेळ कुणाला होता. टँक इंजिन दोन्ही बाजूंनी सारखंच पळतं.

आता पाणी ठेवायचं कुठे. एक जागा म्हणजे खाली, बॉयलरखाली चाकांच्या मधे, त्याला वेल टँक म्हणतात. वजन खाली राहतं म्हणून इंजिन डुलत नाही, पण पाणी मावतं कमी. दुसरी जागा बॉयलरच्या पाठीवर, खोगीर टाकल्यासारखी, म्हणून सॅडल टँक. खाणी, गोद्या, कारखान्यांत हीच जास्त, कारण फिटरला खालून यंत्रापर्यंत हात घालता येतो. तिसरी दोन्ही कुशींना, साइड टँक, यात पाणी भरपूर पण आतली यंत्रं झाकली जातात आणि तेल द्यायला माणसाला वाकून आत शिरावं लागतं. आणि अगदी शेवटी शेवटी, व्हिक्टोरिया राणीचा काळ संपता संपता, ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीने टाक्या बॉयलरच्या दोन्ही बाजूंना उंचावर अडकवायला सुरुवात केली, खाली मोकळी जागा सोडून. पखालीचा हाल्या आठवतोय का? डिट्टो तसं.

सगळ्यात भन्नाट प्रकरण मात्र लंडनच्या भुयारी रेल्वेचं. मेट्रोपॉलिटन रेल्वे १० जानेवारी १८६३ ला पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन सुरू झाली, जगातली पहिली भुयारी रेल्वे, आणि ती चक्क वाफेवर. सुरुवातीला ग्रेट वेस्टर्नची इंजिनं होती, पण सात-आठ महिन्यांत दोन्ही कंपन्यांचं भांडण झालं आणि ग्रेट वेस्टर्नने आपल्या गाड्या काढून घेतल्या. मग मँचेस्टरच्या बेयर पीकॉककडून १८६४ मध्ये नवीन १८ टँक इंजिनं आली, ए क्लास. गंमत म्हणजे त्यांचं डिझाइन मुळात स्पेनमधल्या एका रेल्वेसाठी केलेल्या इंजिनावरून घेतलेलं. त्यातलं २३ नंबरचं लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये आहे, मी बराच वेळ त्याच्या बाजूला उभा राहून तो बाहेरून गेलेला जाडजूड पाइप बघत होतो. बोगद्यात शिरलं की ड्रायव्हर झडप फिरवायचा आणि सिलिंडरमधून निघालेली वाफ धुराड्यातून वर न जाता त्या पाइपने टाकीतल्या गार पाण्यात जायची, तिथे तिचं पाणी व्हायचं. म्हणजे टाकी नुसती साठवणीची राहिली नाही, कामाला लागली.

पण यात दोन लोचे होते. धुराड्यातून वाफ जोरात निघते तेव्हाच भट्टीला ओढ मिळते, ती बंद झाली की विस्तव मलूल पडतो, म्हणून फायरमनला उघड्या जागी आधीच भट्टी पेटती करून ठेवावी लागायची. आणि टाकीतलं पाणी तापत जायचं. गरम पाणी पुढची वाफ नीट जिरवत नाही, शिवाय जिफार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने १८५८ मध्ये काढलेला इंजेक्टर, जो वाफेच्याच जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलतो, तो गरम पाण्यावर चालेनासा होतो. वाफ जिरली तरी धूर मात्र तसाच बोगद्यात, प्रवाशांच्या नाकात. हे सगळं १९०५ मध्ये वीज येईपर्यंत चाललं!

माझं आवडतं विचाराल तर टेरियर नावाचं छोटं टँक इंजिन. विल्यम स्ट्राउडली या इंजिनिअरने ब्रायटनच्या रेल्वे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये १८७२ ते १८८० मध्ये अशी ५० बनवली, वजन साडेसत्तावीस टन, चाकं चार फुटी. ससेक्समध्ये ब्लूबेल रेल्वेवर यातलं स्टेपनी नावाचं बघितलं, चाक माझ्या छातीपर्यंत येत होतं फक्त. टाकी ५०० गॅलनची, म्हणजे साधारण २,२७० लिटर, आपल्या सोसायटीत १०,००० लिटरचा टँकर येतो त्याचा पाव हिस्सा पण नाही, आणि एवढ्यावर लंडनच्या लोकल ओढायच्या! स्ट्राउडलीने इंजेक्टरऐवजी पिस्टनच्या हालचालीवर चालणारे पंप लावले, त्यामुळे गरम पाणी पण बॉयलरमध्ये जायचं, फक्त गाडी थांबली की पंपही थांबला. रंगाला कंपनी "सुधारित इंजिन हिरवा" म्हणायची आणि प्रत्यक्षात तो पिठल्यासारखा पिवळा, यावर मी अजून हसतो. ब्रायटन नावाच्या टेरियरला १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. पुढे लोकल जड झाल्या आणि यांना लहान लहान फाट्यांवर पाठवलं, पण हेलिंग आयलंडच्या लाइनवरचा लाकडी पूल जड इंजिन पेलायचा नाही म्हणून तिथे १९६३ पर्यंत टेरियरच चालली.

टँक इंजिनं हळू असंही समजू नका. ब्रिस्टल अँड एक्झीटर रेल्वेच्या पिअरसन या इंजिनिअरने १८५३-५४ मध्ये बनवलेल्या टँक इंजिनांची चाकं नऊ फुटांची होती, घराच्या छताएवढी, आणि वेलिंग्टनच्या उतारावर ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेग नोंदला गेला. तो शौक महागात पडला म्हणा, १८७६ मध्ये लाँग ॲश्टनला त्याच धाटणीचं एक रुळावरून घसरलं, ड्रायव्हर-फायरमन दोघंही गेले आणि मग उरलेल्यांना टेंडर जोडून टाकले. त्यानंतर बहुतेकांनी टँक इंजिन जवळच्या पल्ल्यालाच वापरलं. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या वेब या इंजिनिअरने १८८१ पासून "कोल टँक" नावाची ३०० इंजिनं काढली, साउथ वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यांत पण अशीच, मोठ्या सहा चाकांमागे दोन छोटी चाकं, त्यावर कोळशाची पेटी.

आणि आजोबांच्या कुर्डुवाडीला पण हाच माल आला होता बरं का. कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरच्या बार्शी लाइट रेल्वेसाठी लीड्सच्या किटसन कंपनीने अडीच फुटी गेजची टँक इंजिनं बनवली, लाइन १८९७ ला सुरू झाली. एका ॲक्सलवर पाच टनांच्या वर वजन पडू द्यायचं नाही हा कॅलथ्रॉपचा हट्ट, म्हणून एवढ्याशा इंजिनाला बारा चाकं दिली, आठ ओढणारी आणि चार मागे कोळशाखाली. आजोबा नोकरीला लागले त्याच्या कितीतरी आधीची गोष्ट ही, पण सांगायचे अशी जणू स्वतः लीड्सहून सोडवून आणलीत.