‘प्रपंच’ : घर, जग की लबाडी?

मुलुंडच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : ‘शेजारच्या गुजराती बेनना मी सहज म्हटलं, आम्ही आपली प्रापंचिक माणसं. त्या चमकल्याच. त्यांच्याकडे प्रपंची म्हणजे कारस्थानी म्हणे! ऑफिसातली तेलुगू मैत्रीण म्हणते, प्रपंच म्हणजे जग. आणि दादरला उपनिषदांच्या वर्गात ऐकलं की ज्ञान झाल्यावर प्रपंच शमतो. मग खरा अर्थ कोणता? आणि शमतो म्हणजे घरदार सोडायचं का?’

ताई, तिघीही बरोबर आहात. एका मुंबईत राहून तुमच्या वाट्याला या शब्दाचे तीन वारसे एकदम आले, याचा मला हेवा वाटतो.

मुळापासून बघू. धातुपाठात, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या जुन्या यादीत, ‘पचि विस्तारवचने’ असा धातू आहे, म्हणजे फैलावणे, विस्ताराने सांगणे. त्याला ‘प्र’ लागून प्रपंच झाला. ‘पंचमहाभूतांचा म्हणून प्रपंच’ ही फोड कीर्तनात ऐकायला गोड लागते, पण या धातूचा पाच या आकड्याशी संबंध नाही. मूळ अर्थ पसारा, विस्तार. हा अर्थ मराठीतून गेलेला नाही, फक्त तो कुठे बसला आहे ते आपल्या लक्षात येत नाही. माझे मामा कोकणातून अंतर्देशीय पत्र पाठवत. आंब्यांची खबर, विहिरीचं पाणी, कुणाचं लग्न ठरलं, असं समासापर्यंत भरलेलं. आणि शेवटी, घडीच्या कडेला, बारीक अक्षरात : ‘कळावे, म्हणून हा पत्रप्रपंच.’ तिथे प्रपंच म्हणजे घरही नाही आणि लबाडीही नाही. एवढं लांबण लावलं ते या कारणासाठी, इतकंच. ‘सप्रपंच सांगतो’ म्हणणारे संस्कृत टीकाकार याच अर्थाने बोलतात.

गुजरातीतला अर्थ उपरा नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने प्रपंचाला दोन अर्थ दिले आहेत, विस्तर आणि विपर्यास. विपर्यास म्हणजे आहे त्याहून उलटं भासवणं. गुजराती आणि बऱ्याच अंशी हिंदी त्या वाटेने गेल्या. तेलुगू आणि कन्नड विस्ताराच्या वाटेने थेट विश्वापर्यंत पोचल्या. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर भारताने जिंकला तो आपला विश्वचषक. तेलुगूत तो ‘प्रपंच कप’. मराठीने मात्र तो एवढा मोठा पसारा चार भिंतींत आणून ठेवला : बायको, पोरं, किराणा, फी, आजारपण. मला हे शब्दाचं अवमूल्यन वाटत नाही. ज्याला रोज सकाळी पाण्याच्या वेळेला उठायचं आहे, त्याचं विश्व तेवढंच असतं, आणि भाषेने ते प्रामाणिकपणे मान्य केलं.

अडचण होते ती वेदान्त वाचताना. मांडूक्य हे उपनिषद अवघ्या १२ मंत्रांचं. त्यातल्या सातव्या मंत्रात जागेपण, स्वप्न आणि गाढ झोप यांपलीकडच्या चौथ्या अवस्थेचं, तुरीयाचं वर्णन आहे : ‘प्रपञ्चोपशमं शान्तं शिवमद्वैतम्’, म्हणजे जिथे प्रपंच शमतो असं शांत, मंगल, अद्वैत. मराठी कान इथे ‘घरसंसार’ ऐकतो आणि पुढचं सगळं वाकडं जातं. इथला प्रपंच म्हणजे जाणिवेपुढे मांडलेला सगळा दृश्य पसारा. त्यात तुमचं घर आहे तसा संन्याशाचा मठही आहे, कमंडलूही आहे. घर सोडून मठात गेलं की या प्रपंचातून एक पाऊलही बाहेर पडत नाही.

शिवाय शब्द ‘उपशम’ आहे, ‘नाश’ नाही. गिरगावातल्या चाळीत आमची एकच खोली. संध्याकाळी तिच्यात सगळं पसरलेलं असे : दप्तरं, निवडायचे तांदूळ, वडिलांचे हिशेबाचे कागद, अर्धं शिवलेलं परकर-पोलकं. दहा वाजता आई म्हणायची, ‘पसारा आवरा, गाद्या घालायच्यात.’ एकही वस्तू फेकली जात नसे, पण खोली मोकळी होई. आवरलेल्या त्या खोलीत मला ‘उपशम’ कळतो. दृष्टांत इथवरच न्यावा, कारण मांडूक्य गाढ झोपेला तिसरी अवस्था धरतं आणि तुरीय त्याहून वेगळं सांगतं. ते दिवे मालवून निजणं नव्हे.

अद्वैत वेदान्ताचे जुने आचार्य गौडपाद यांनी याच उपनिषदावरच्या कारिकांत, म्हणजे विवरणाच्या श्लोकांत, म्हटलं आहे : ‘प्रपञ्चो यदि विद्येत निवर्तेत न संशयः’. प्रपंच खरोखर असता तर तो दूर करावा लागला असता. पण तो नुसता भास आहे. दोरीवर साप दिसला तर सापाला काठीने हाकलत नाहीत, दिवा आणतात. त्याच श्लोकाच्या शेवटी ‘अद्वैतं परमार्थतः’ असं येतं. प्रपंच आणि परमार्थ ही आपल्या ओठांवरची जोडी त्या एका श्लोकात आहे! तिथे परमार्थ म्हणजे ‘खरं पाहता’. मराठीत त्याचा अर्थ देवाधर्माचा मार्ग झाला आणि प्रपंचाचा घरगाडा. म्हणून दोन्ही एकमेकांसमोर उभे राहिल्यासारखे वाटतात.

समर्थांनी दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या पहिल्याच समासात घरगाड्याचाच अर्थ धरून सांगितलं : ‘आधीं प्रपंच करावा नेटका । मग घ्यावें परमार्थविवेका’. पुढे तर स्पष्टच, ‘प्रपंच सांडून परमार्थ कराल । तेणें तुम्ही कष्टी व्हाल’. मांडूक्य आणि दासबोध भांडत नाहीत. एकाच शब्दाने दोघे दोन वेगळ्या गोष्टी दाखवत आहेत. दादरच्या वर्गात बसाल तेव्हा प्रपंच ऐकलं की मनात ‘पसारा’ म्हणून बघा, बरीचशी वाक्यं आपोआप सरळ होतील.

आणि बेनना सांगा, ‘अमे संसारी माणस’. संसारी म्हणजे साधू नव्हे तो घरगृहस्थीचा माणूस, हे त्यांना लगेच कळेल.