मुलगा 18 चा झाला, आता सही कुणाची?

प्रश्न : ताई, माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, पुढच्या महिन्यात 18 पूर्ण होतायत. बोलतो थोडं, स्वतःचं आवरतो, पण पैशाचं काही कळत नाही. त्याच्या खात्याचं विचारायला बँकेत गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, आता तुमची सही चालणार नाही, कोर्टातून गार्डियनशिप आणा. मी आई आहे ना त्याची, मग मला कागद कशाला? सासरचे म्हणतात धाकटी आहे की, ती बघेल पुढे. ती आत्ता दहावीत आहे. विशेष शाळा पण आता संपणार. रात्र रात्र झोप नाही.
– एक आई, सांगली

उत्तर : अहो, बँकेतल्या बाईंचं अर्धं बरोबर आहे. 18 झालं की कायद्याच्या नजरेत तो सज्ञान, मग आई असो की बाप, त्याच्या वतीनं सही करायचा हक्क आपोआप राहत नाही. हे बहुतेक घरांत असंच बँकेच्या काउंटरवर कळतं, आधी कुणी सांगतच नाही, याचा मला खरंच राग येतो.

पण कोर्टाचं म्हणाल तर तुमच्या केसमध्ये तिथं जायची गरज नाही. 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे, तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी. त्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी स्थानिक स्तर समिती असते, कलेक्टर तिचे प्रमुख, सोबत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती. गार्डियनशिपचा अर्ज तिथं करायचा, आई-वडील दोघांनी मिळून केलात तर उत्तम. समिती दोन गोष्टी बघते : मुलाला पालक, म्हणजे कायदेशीर गार्डियन, नेमायची खरंच गरज आहे का, आणि कशाकशासाठी आहे. म्हणून अर्जात नुसतं 'सगळ्यासाठी' असं लिहू नका, बँक, औषधोपचार, सरकारी कागद असं नेमकं लिहा. समिती देते ते गार्डियनशिपचं सर्टिफिकेट बँकेनं मानायला हरकत नाही असं रिझर्व्ह बँकेनं 2007 मध्येच बँकांना कळवलंय, तेव्हा परत कोर्टाचं नाव काढलं तर मॅनेजरना भेटा आणि शांतपणे त्या परिपत्रकाबद्दल सांगा.

आता एक गोष्ट कडू लागेल. पालक म्हणून नेमणूक झाली म्हणजे पैसे तुमचे झाले असं नाही. सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, नंतर दरवर्षी हिशोब. हेळसांड केली किंवा पैसे खाल्ले तर पालकाला काढून टाकायची पण सोय आहे. तुम्हाला हा उगाच ताप वाटेल, पण उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी असेल तेव्हा याच हिशोबाचा मुलाला आधार आहे.

कलेक्टर ऑफिसला जायच्या आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून बघा, लहानपणचं टेम्पररी असेल आणि मुदत संपत आली असेल तर आधी ते नवीन करा. त्यावरच नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' आरोग्य विमा पण मिळतो, वर्षाला 1 लाखापर्यंत, आधी मेडिकल करावी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात बसतो, फक्त प्रत्येक खर्चाला वेगळी मर्यादा असते ती विचारून घ्या. मिस्टर सरकारी नोकरीत असतील तर मुलाचं नाव अपंग अपत्य म्हणून ऑफिसच्या रेकॉर्डला आत्ताच लावा, कमवू न शकणाऱ्या मुलाला पुढे फॅमिली पेन्शन मिळू शकते, आणि रिटायर झाल्यावर हेच कागद जमवताना जीव जातो.

शाळेनंतर अशा मुलांसाठीची कार्यशाळा बघा, पिशव्या, फाइली, पणत्या असलं काम असतं. पगार किरकोळ, पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडणं सुटू देऊ नका. शाळा सुटली की मुलं घरात बसतात आणि आलेलं पण विसरतात. पैशाचं कळत नाही म्हणताय तर रोज 20 रुपये देऊन दूध आणायला पाठवा, आधी तुम्ही मागे उभ्या राहा, नंतर कोपऱ्यावर.

राहिली धाकटी. तिला दहावीचा अभ्यास करू दे. 'ती बघेल' हे तिच्या तोंडावर सारखं बोलणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत, तिला कुणी विचारलंय का? मोठी झाल्यावर ती स्वतःहून हो म्हणाली तर छान, नाही म्हणाली तरी ती वाईट बहीण ठरत नाही. तोवर वकिलाला गाठून मृत्युपत्र आणि तुमच्यानंतर मुलाचे पैसे सांभाळायला खाजगी ट्रस्ट, या दोन्हीचं बोलून घ्या.

प्रश्न : नात अडीच वर्षांची, एक शब्द बोलत नाही, हाक मारली तरी वळत नाही. सून घाबरलीय. मी म्हणते तिचा बाप पण उशिराच बोललेला. वाट बघायची का?
– आजी, चाळीसगाव

उत्तर : नाही आजी, अजिबात नाही. बाप उशिरा बोलला असेल, पण हाकेला वळत होता ना? आधी कान तपासा, बेरा टेस्ट करतात, मूल झोपेत असताना होते, दुखत नाही. मग जळगावच्या सरकारी दवाखान्यात डीईआयसीबद्दल, म्हणजे लहान मुलांच्या लवकर उपचाराच्या केंद्राबद्दल चौकशी करा, किंवा अंगणवाडीत तपासणीला टीम येते त्यांना दाखवा, हे फुकट आहे. आजाराचं नाव ठरेपर्यंत थेरपी थांबवायची नसते. मोबाईल मात्र आजपासून बंद. आणि सुनेबरोबर तुम्ही पण जा, कारण घरी करायला जे खेळ शिकवतात ते दुपारी तुम्हालाच घ्यायचेत.