केसपेपरवर काय लिहिलंय ते आधी बघा

प्रश्न: भाऊ रत्नागिरीला बंदरावर बर्फाच्या क्रशरवर होता, वय 35, पगार 12 हजार. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. बोट बर्फात घालून नेलं तरी जोडता आलं नाही. मालकाने बिल भरलं, वर 10 हजार दिले आणि आता स्टॅम्पपेपरवर सही मागतोय.

आधी बोटाचं सांगतो, कारण ही चूक खूप जण करतात. बोट नुसतं बर्फात टाकलं की गोठून मरतं. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. आता त्याचा उपयोग नाही, पण जेटीवरच्या बाकीच्या पोरांना सांगून ठेवा.

आता पैसे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय) तक्त्यात अख्खी तर्जनी गेली की कमाईची ताकद 14 टक्के गेली असं धरलंय. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200, गुणिले कायद्यात वय 35 साठी दिलेला आकडा 197.06, त्याचे 14 टक्के काढा, साधारण 1 लाख 98 हजार होतात. दवाखान्याचं बिल यात धरायचं नाही, ते वेगळं. म्हणजे दहा हजारात मालक किती स्वस्तात सुटायला बघतोय ते तुम्हीच बघा. सही करू नका, आणि केली असेल तरी घाबरू नका, हक्क सोडून दिला असं लिहून घेतलेला कागद या कायद्यात रद्दच धरतात. अर्ज मात्र अपघातापासून दोन वर्षांच्या आत भरपाईचे दावे बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे, मालक ‘बघू, गणपतीनंतर बघू’ म्हणत राहिला तर तारीख निघून जाईल.

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ काजूच्या कारखान्यात कटिंग मशीनवर माझ्या अंगठ्याचं पेर गेलं. मालक म्हणतो तुझंच लक्ष नव्हतं. केसपेपरवर ‘घरी आडाळ्यावर (विळीवर) कापलं’ असं लिहिलंय, तेव्हा मी शुद्धीत नव्हते.

ताई, लक्ष नव्हतं एवढ्यावर भरपाई बुडत नाही. माणूस दारू पिऊन होता, किंवा सुरक्षेचा नियम त्याने मुद्दाम मोडला, किंवा गार्ड त्याने स्वतः जाणूनबुजून काढला आणि त्यामुळेच लागलं, तरच मालकाला हात वर करता येतात. गार्ड बहुतेक वेळा कोण काढतो ते मी बघितलंय, किलोवर काम असतं, गार्ड लावला की माल कमी निघतो, मग मुकादमच पाना घेऊन येतो. तुमच्याकडे कोणी काढला ते शेजारी बसणाऱ्या दोघी-तिघींकडून लिहून घ्या, त्या कामावर आहेत तोवरच.

खरी भीती त्या आडाळ्याची आहे. मालक स्वतःच्या गाडीतून खाजगी डॉक्टरकडे नेतो आणि कसं लागलं तेही तोच सांगतो, हे मी इतक्या केसेसमधे पाहिलंय की आता पहिला प्रश्न केसपेपरचाच विचारतो. आजच दवाखान्यात लेखी अर्ज द्या की जखम मशीनवर झाली, पोच घ्या, तसाच अर्ज पोलीस ठाण्यात द्या. मशीनचा फोटो, हजेरीची वही, किलोचा हिशोब, जे मिळेल ते मोबाईलमधे घेऊन ठेवा. वकिलाच्या फीचं टेन्शन घेऊ नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला वकील फुकट मिळतो.

प्रश्न: चिरेखाणीत कटर लागून पाय गेला. खाणवाला म्हणतो तू ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार फोनच उचलत नाही.

खाणवाल्यावरच दावा करा. स्वतःच्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, पुढे ठेकेदाराकडून वसूल करायचं ते त्याचं तो बघेल. हजेरीपत्रक नसलं तरी गुगल पे वर आलेली मजुरी आणि ‘उद्या लवकर ये’ असे व्हॉट्सॲप मेसेज कामाला येतात, फोन बदलायच्या आधी ते काढून ठेवा.

प्रश्न: लोट्याला एमआयडीसीतल्या कंपनीत आहे, पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात. हात भाजला, महिना घरी आहे.

मग तुमचा रस्ता वेगळा. भरपाईचा दावा मालकावर नाही, ईएसआयकडे. कामावरची जखम असेल तर सुट्टीच्या काळात पगाराच्या 90 टक्के मिळतात आणि त्यासाठी किती महिने हप्ता भरला हे कोणी बघत नाही. कंपनीने अपघाताचा रिपोर्ट पाठवलाय का, तेवढं उद्या एचआरला विचारा आणि कॉपी मागून घ्या.