पर्यावरणासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी देशादेशांत कसा वाटतात? ज्याला गरज जास्त त्याला जास्त, असं असतं का?

असं नसतं. आणि माझं मत विचाराल तर सगळीकडे तसं असूही नये.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की स्पर्धा परीक्षेच्या निबंधासाठी हवंय, ‘लोकसंख्या, गरिबी की प्रदूषण, नेमका निकष कोणता’ ते थोडक्यात सांगा. थोडक्यात मला जमणार नाही. तुम्ही नावं घेतलीत जागतिक बँकेची आणि ग्रीन क्लायमेट फंडाची. पण ज्या फंडाचा पैसा ठरल्या कामाला लागला आणि माझ्यासारख्याच्या हातापर्यंत पोचला, त्याचा उल्लेखच नाही. मॉन्ट्रियल प्रोटोकॉलचा मल्टिलॅटरल फंड. ओझोनवाला, म्हणजे आकाशातला ओझोनचा थर खाणारे गॅस बंद करायचा जो जागतिक करार आहे, त्याचा. माझं सांगलीत फ्रिज-एसी दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, आर-१२ च्या जमान्यापासूनचं, त्यामुळे या विषयावर मी गप्प बसू शकत नाही.

आधी आमची तेव्हाची पद्धत ऐका. फ्रिजमध्ये आर-१२ असायचा, म्हणजे सीएफसी, ओझोन खाणारा. लाइन साफ करायची तर गॅसच मारायचा. पाइप उघडा, सिलिंडरचा कॉक फिरवा, फुस्स. लाइनमधली हवा आणि ओल ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप कुणाला परवडत होता? भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काढून तोच जोडायचा आणि चहा पिऊन येईपर्यंत चालू ठेवायचा. गॅस किती भरायचा याचं माप म्हणजे आपला हात. सक्शन लाइनला हात लावला, पाइपने घाम धरला, झालं काम. वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून गॅस भरणारा मेकॅनिक आमच्यात थट्टेचा विषय असायचा.

मग सीएफसी हद्दपार करायच्या राष्ट्रीय योजनेत मेकॅनिक लोकांची प्रशिक्षणं सुरू झाली. पैसा त्याच फंडाचा. जवळच्या तंत्रनिकेतनात आम्हाला बोलावलं. मी गेलो तो खरं सांगायचं तर सर्टिफिकेट भिंतीवर लावायला मिळेल म्हणून. तिथल्या सरांनी भाषण केलंच नाही. टेबलावर इलेक्ट्रॉनिक काटा, काट्यावर सिलिंडर, बाजूला उघडा फ्रिज. आमच्यातल्याच एकाला म्हणाले, तुम्ही रोज करता तशी लाइन साफ करा. त्याने झोकात केली. सरांनी काट्याकडे बोट दाखवलं. मागून एक मिरजेचा मेकॅनिक ओरडला, “सर, एवढ्यात दुसरा फ्रिज भरला असता की!” पैशांचा हिशेब लागल्यावर ओझोनचा आपोआप लागला.

पुढचं जास्त महत्त्वाचं होतं. आर-१२ ऐवजी १३४ए हा नवा गॅस आला त्याला कॉम्प्रेसरमधलं जुनं मिनरल ऑइल चालत नाही, पीओई नावाचं दुसरं तेल लागतं, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. व्हॅक्यूम नीट झाला नाही की महिनाभरात कॅपिलरी (गॅस जाते ती बारीक नळी) चोक आणि गिऱ्हाईक दारात. हायड्रोकार्बनचं मिश्रण, म्हणजे दुसरा पर्याय, भरायचं तर वजन आर-१२ च्या निम्म्याहूनही कमी, शिवाय ते पेट घेणारं. हाताच्या अंदाजाने भरणाऱ्याची तिथे फजितीच. म्हणजे नुसता गॅस बदलून भागणार नव्हतं, माणसाचा हात बदलायला हवा होता. आणि हे शिकवायला पैसा लागतो, हे मॉन्ट्रियलमध्ये बसलेल्या कुणाला तरी सुचलं याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता तो पैसा आला कसा, म्हणजे तुमचा प्रश्न. १९८७ चा करार झाला तेव्हा भारत आणि चीन बाहेरच राहिले. १९९० च्या लंडनच्या बैठकीत आपल्याकडून मनेका गांधी होत्या. ओझोनला भोक तुम्ही श्रीमंत देशांनी पाडलंय, तेव्हा बदलायचा जादा खर्चही तुम्ही उचला, तंत्रज्ञानही द्या, हा आपला मुद्दा तिथे लावून धरला गेला. फंड ठरला तो पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा, आणि भारत-चीन आत आले तर २४ कोटींपर्यंत. म्हणजे हे दोन मोठे देश दाराबाहेर उभे राहिले म्हणून रक्कम दीडपट झाली. हे निबंधात जरूर लिहा. परीक्षकाला आवडेल की नाही माहीत नाही, पण खरं आहे.

कुणाला पैसे मिळणार? ज्या विकसनशील देशात या ओझोन खाणाऱ्या पदार्थांचा माणशी वापर वर्षाला ०.३ किलोपेक्षा कमी आहे त्याला. देणार कोण? श्रीमंत देश, संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीच्या प्रमाणात. ठरवणार कोण? १४ जणांची समिती, सात त्यांचे, सात आपले. आणि किती मिळणार? इथे खरी गंमत आहे. फंड फक्त ‘जादा’ खर्च देतो. कारखाना तुमचा, पण गॅस बदलल्यामुळे जो वरचा खर्च येतो तो त्यांचा. त्यालाही बंद केलेल्या गॅसच्या किलोमागे मर्यादा. १९९५ मध्ये ठरलेले दर माझ्या पाठ आहेत: घरगुती फ्रिज बनवणाऱ्यांना किलोमागे १३.७६ डॉलर, दुकानी फ्रीझरवाल्यांना १५.२१. तेवढ्यात बसवा, वरचं तुमचं तुम्ही बघा.

आमचे साडू इथेच अडतात. ते अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मिरजेला असतात, आणि घरातलं कुठलंही लग्न या वादाशिवाय पार पडलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं की निधी म्हणजे मदत, आणि मदत आधी सर्वांत गरिबाला. १९९९ मध्ये या फंडाने सीएफसीचं उत्पादन बंद करायला चीनला १५ कोटी डॉलर आणि भारताला ८.२ कोटी डॉलर मंजूर केले, याचा त्यांना अजून राग आहे. “कारखानदारांना आपलं विष बनवणं थांबवायचे पैसे? आणि आफ्रिकेतल्या देशाला काय, चार प्रशिक्षणं?”

होय, तसंच. कारण गॅस तिथे नव्हता, इथे होता. शांघायमध्ये सुटलेला एक किलो आणि आफ्रिकेतल्या लुसाकात सुटलेला एक किलो ओझोनला सारखाच. मेकॅनिक सगळ्यात आधी जिथून जास्त गळतंय तो सांधा ब्रेझ करतो, सर्वांत जुना पाइप कुठला ते बघत बसत नाही. परिणाम बघा की. चीनने २००७ मध्ये आणि आपण १ ऑगस्ट २००८ ला सीएफसीचं उत्पादन बंद केलं, ठरलेल्या २०१० च्या आधी. कुठल्या पर्यावरण-निधीला मुदतीआधी काम संपवल्याचं असं उदाहरण देता येतं?

मग साडू एचएफसी-२३ काढतात. ते त्यांचं हुकमी पान आहे आणि पान चांगलं आहे. एसीत भरायचा आर-२२ गॅस बनवताना हा वायू फुकट तयार होतो, आणि कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट तापवतो. क्योटो या हवामान कराराखालच्या स्वच्छ विकास यंत्रणेत तो जाळणाऱ्याला कार्बन क्रेडिट, म्हणजे उत्सर्जन टाळल्याची विकता येणारी पावती, मिळायची. जाळायचा खर्च कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने टनामागे युरोभरसुद्धा नाही, क्रेडिट विकायचं त्याच्या कितीतरी पट भावाने. चीनमधले आणि आपल्याकडचे काही आर-२२ वाले त्यात मालामाल झाले, आफ्रिकेला जवळपास काही नाही. शेवटी युरोपने २०१३ पासून हे क्रेडिट घेणं बंद केलं, आणि २०१६ मध्ये आपल्या सरकारने कंपन्यांना सांगितलं, स्वखर्चाने जाळा. साडू म्हणतात, बघ तुझा किलोचा हिशेब!

पण तो माझा हिशेब नाहीच. मॉन्ट्रियलवाले खर्च देत होते, क्योटोवाल्यांनी भाव दिला. मी गॅस भरल्याची मजुरी घेणं वेगळं आणि गळती चालू ठेवून दर उन्हाळ्याला पैसे मिळवणं वेगळं. हे त्यांना इतकी वर्षं पटत नाही.

बाकीच्या फंडांचं पटकन सांगतो. ग्लोबल एन्व्हायर्न्मेंट फॅसिलिटी, १९९१ पासूनची, ती सूत्र लावते. देशात वाचवण्यासारखं किती आहे, सरकारने आधीचे प्रकल्प कसे राबवले, संस्था-धोरणं कशी आहेत, आणि माणशी उत्पन्न किती, असं सगळं गुणून आकडा काढतात. २०१० च्या सूत्रात गरिबीचं वजन नावालाच होतं, पुढे वाढवत नेलं. त्याच २०१० च्या सूत्रात जैवविविधतेच्या गुणांत जमिनीला ८० टक्के आणि समुद्राला २० टक्के होते, हे वाचून कोकणातला माणूस काय म्हणेल याचा विचार करा. ग्रीन क्लायमेट फंडाचं कार्यालय कोरियात, तिथे प्रस्ताव लिहावा लागतो आणि मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जावं लागतं. आपल्याकडे नाबार्ड ही त्यातली एक. निम्मा निधी उत्सर्जन कमी करायला, निम्मा बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला, आणि या दुसऱ्या निम्म्यातला किमान अर्धा सर्वांत मागास देश, छोटी बेटं आणि आफ्रिका यांना. कागदावर हे साडूंच्या मनासारखं. प्रत्यक्षात प्रस्ताव लिहायला सल्लागार लागतो, तो महाग असतो, आणि ज्या देशाकडे तोही नाही तो रांगेत मागे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, नाहीतर परीक्षेत माझ्या नावाने बोटं मोडाल. माझा किलोचा नियम जिथे नुकसान कुठूनही केलं तरी सारखंच होतं तिथे चालतो: ओझोन, कार्बन. बांगलादेशातली खारी झालेली विहीर किंवा मराठवाड्यातला कोरडा बोअर याला किलो नसतो. तिथे ‘कुठे स्वस्तात होतंय’ असं विचारणं म्हणजे निर्लज्जपणा, तिथे गरजच बघायला हवी. साडूंना हे सांगू नका.

सध्याचं म्हणाल तर ओझोन फंड संपलेला नाही. त्याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर तो एचएफसीच्या, म्हणजे ओझोन न खाणाऱ्या पण हवा तापवणाऱ्या १३४ए सारख्या गॅसच्या, मागे लागलाय, २०२४ ते २०२६ साठी ९६.५ कोटी डॉलर ठरलेत. भारताला २०२८ मध्ये एचएफसीचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. माझी तक्रार एवढीच की कारखान्यांच्या मानाने दुरुस्तीच्या धंद्याकडे पैसा फार कमी येतो. कारखान्यात एसी एकदाच भरतात. आम्ही तो दर उन्हाळ्यात उघडतो. गल्लीतल्या पोराकडे रिकव्हरी मशीन (जुना गॅस ओढून साठवणारं यंत्र) नसेल तर तो गॅस हवेतच सोडणार, मग करारावर सही कुणाची का असेना.

आणि गॅस ‘संपत’ नसतो हो. बंद लाइन आहे ती. कमी झाला म्हणजे गळला. हे साडूंना माहीत असूनही त्यांच्या जुन्या आर-२२ च्या एसीत दर एप्रिलला ‘जरा गॅस टाकून जा’ असा फोन येतो, कारण गळती शोधायची मजुरी त्यांना जास्त वाटते. साडू अण्णा, वाचत असाल तर यंदा गॅसचा सिलिंडर मी आणणार नाही. नायट्रोजन आणि साबणाचं पाणी घेऊन येतो, फ्लेअर नट तपासू. जादा खर्च किती ते आधी ठरवू, आणि तो तुम्ही द्यायचा.