जुन्या ट्रॅक्टरच्या मीटरला कोणता मायक्रोकंट्रोलर?

प्रश्न : नमस्कार सर, मी सेलूजवळच्या खेड्यातला, आयटीआय इलेक्ट्रिशियन झालोय. आमच्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरचे सगळे मीटर बंद पडलेत, म्हणून इंजिनचं टेम्परेचर, बॅटरी व्होल्टेज, आरपीएम आन् चाललेले तास एकाच डिस्प्लेवर दाखवायचं सर्किट बनवायलो. घरी अर्डुइनो नॅनो (मायक्रोकंट्रोलर म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या चिपचा छोटा बोर्ड) पडून हाय. मित्र म्हणतो ईएसपी३२ घे, दुकानदार म्हणायला एसटीएम३२ शिवाय गाडीत काही टिकत नाही. नेमकं काय घेऊ?
– एक वाचक, जि. परभणी

उत्तर : भाऊ, घरी पडलेला नॅनोच लावा, नवीन काही घेऊ नका. आरपीएमचे पल्स अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (इंजिनच्या वेगाप्रमाणं पल्स देणारं टोक) घ्यायचे म्हटले तर सेकंदाला ४०० च्या आसपास येतील, नॅनोचं क्लॉक १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे दोन पल्सच्या मधे ४०,००० क्लॉक सायकल रिकाम्या, त्यात तुमचं सगळं काम होऊन चिप बसूनच राहणार. फक्त ती वायर सरळ पिनला जोडू नका, मधे रेझिस्टर आन् पीसी८१७ ऑप्टोकपलर (वायरनं न जोडता उजेडातून सिग्नल पुढं देणारा भाग) टाका. डब्ल्यू टर्मिनल नसेल तर पुलीला मॅग्नेट आन् तो ओळखणारा हॉल सेन्सर, तेही चालतंय.

दुकानदार म्हणतो तसं टिकत नाही हे खरंय, पण त्यात चिपचा दोष नसतो, सप्लायचा असतो. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट येतात आन् नॅनोच्या व्हीआयएनला (सप्लाय द्यायच्या पिनला) ७ ते १२ च द्या म्हणतेत, वर आपल्याकडं ट्रॅक्टरच्या बॅटरीचं टर्मिनल कायम ढिलं, ते चालू इंजिनवर निसटलं की अल्टरनेटर क्षणभर ८०-१०० व्होल्टपर्यंत फेकू शकतो, यालाच लोड डंप म्हणतेत, आन् तिथं कोणतीच चिप वाचत नाही मग ती पन्नासची असो का पाचशेची. म्हणून क्रम असा ठेवा : १ अँपियरचा फ्यूज, मग उलट पोलॅरिटीसाठी डायोड, त्यानंतर लाइन आन् ग्राउंडच्या मधे व्होल्टेजचा झटका गिळणारा २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड, चांगला १५०० वॅटचा, शेवटी व्होल्टेज खाली आणणारा एलएम२५९६ चा बक मॉड्यूल ५ व्होल्टला सेट करून नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवर. ७८०५ हा साधा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावू नका, २०० मिलिअँपियरला त्याच्यात १.८ वॅटची नुसती उष्णता होते आन् मे महिन्यात बोनेटजवळ आधीच भट्टी असती.

बॅटरी मोजायला ३० के आन् १० के रेझिस्टरचा व्होल्टेज डिव्हायडर करा, १४.४ व्होल्टचे ३.६ होतेत, ते नॅनोच्या पिनला चालतेत.

ईएसपी३२ कधी घ्यायचा? मोबाईलवर ब्लूटूथनं रीडिंग बघायचं असेल तर. त्याचं एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) मात्र दोन्ही टोकांना सरळ चालत नाही आन् वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिना वापरता येत नाहीत, हे लोक बोर्ड घेतल्यावर शोधत बसतेत. नव्या गाडीच्या कॅन बसला (गाडीतले कंट्रोलर ज्या वायरवर एकमेकांशी बोलतेत तिला) जोडायचं असेल तर एसटीएम३२ नाहीतर ईएसपी३२, ईएसपी३२ मधे आन् एसटीएम३२ च्या बऱ्याच चिपमधे कॅन कंट्रोलर आतच असतो, चिप आन् बसच्या वायरीमधला ट्रान्सीव्हर तेवढा वेगळा लागतो. तुमच्या ट्रॅक्टरात कॅनच नाही मग त्याचं काय करायचं!

टेम्परेचरचा जुना सेंडर (इंजिनवरचा सेन्सर) फेकू नका. तो काढून उकळत्या पाण्यात फक्त टोक बुडवा, शेजारी थर्मामीटर, पाणी गार होताना दर ५ डिग्रीला मल्टिमीटरवर ओहम लिहून घ्या, तोच टेबल कोडमधे टाका, नेटवरचा टेबल तुमच्या सेंडरला जुळलंच असं नाही.

तास ईईप्रॉममधे (सप्लाय गेला तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवताना एक काळजी घ्या. एका जागेवर साधारण १ लाख वेळा लिहिता येतं, दर सेकंदाला लिहाल तर २८ तासांत आटोपलं, दर ६ मिनिटांनी लिहा म्हणजे १०,००० तास निघतेत. स्टार्टर मारताना व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट झाला तर होऊ द्या, ब्राऊनआऊट (व्होल्टेज पडलं की चिप थांबवणारी सोय) तेवढं चालू ठेवा म्हणजे अर्धवट व्होल्टेजवर ईईप्रॉममधे कचरा लिहिला जाणार नाही.

आन् डिस्प्लेला ओएलईडी घेऊ नका, दुपारच्या उन्हात काही दिसत नाही, लाल सेव्हन सेगमेंटवर सावलीची पट्टी बसवली की सीटवरून आरामात वाचता येतं.