कुंडईहून भिवंडीला जाणाऱ्या मालाचा कार्बन हिशेब कसा मांडायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात कुंडईला छोटा अन्नप्रक्रिया कारखाना आहे, माल भाड्याच्या ट्रकने भिवंडीच्या गोदामात जातो, आणि आता मोठ्या ग्राहक कंपनीने मालवाहतुकीचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे वाहतुकीतून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो आकडा, मागितला आहे. सॉफ्टवेअर विकत घ्यावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

सॉफ्टवेअर तूर्त राहू द्या. आधी ट्रान्सपोर्टरकडून एक आकडा मिळवा: गाडी कुंडईहून निघून पुढचा माल भरायला उभी राहीपर्यंत किती लिटर डिझेल जळलं. मी वेर्ण्यात डिस्पॅचचं काम बघतो. हा आकडा हाती आला की बाकीचं काम साध्या एक्सेल शीटवर होतं, हे खात्रीने सांगतो.

बरेच सल्लागार भाड्याच्या बिलावरून उत्सर्जन काढून देतात, म्हणजे इतके रुपये गुणिले अमुक गुणांक. नियमांत ही पद्धत चालते, पण तिने तुमचं भलं होणार नाही. चतुर्थीच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते, गाड्या मिळत नाहीत आणि भाडं चढतं. तीच गाडी, तोच माल, डिझेलही तेवढंच, तरी कागदावर तुमचं प्रदूषण वाढलेलं दिसतं. उलट उद्या भाव पाडून घेतलात, तर एक थेंब डिझेल न वाचवता तुम्ही पर्यावरणस्नेही ठरता.

डिझेलच्या आकड्यात आपल्याकडे एक अडचण येते. गोव्यात डिझेल महाराष्ट्रापेक्षा सहसा स्वस्त असतं, त्यामुळे चालक पत्रादेवीच्या, म्हणजे गोवा-महाराष्ट्र सीमेच्या, अलीकडेच टाकी भरून घेतात. मग पंपाची पावती एका ट्रिपची आणि डिझेल जळलं दुसऱ्याच ट्रिपमध्ये, असं होतं. म्हणून एकेका ट्रिपच्या पावतीवर जाऊ नका. टाकी फुल ते टाकी फुल असा हिशेब धरा, किंवा त्या गाडीचं तीन महिन्यांचं एकूण डिझेल आणि एकूण किलोमीटर घ्या. ट्रान्सपोर्टर आकडा द्यायला का-कू करेल, कारण त्यातून त्याचा नफा उघडा पडतो. त्याला सांगा की डिझेलचा दर नको, फक्त लिटर हवेत. बहुतेक जण तेवढं देतात.

आता गणित. आकडे उदाहरणादाखल घेतो. जायचं अंतर 600 किमी, माल 18 टन. भरलेली गाडी लिटरला 4 किमी धावली तर 150 लिटर लागले. रिकामी परतताना लिटरला 5 धरले तर 120 लिटर. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण तेल विहिरीतून काढणं, शुद्ध करणं, पंपापर्यंत आणणं हे सगळं धरलं की आकडा सुमारे 3.2 किलोवर जातो, आणि हाच धरायचा असतो. 270 लिटरचे झाले 864 किलो. 18 टन गुणिले 600 किमी म्हणजे 10,800 टन-किलोमीटर (एक टन माल एक किलोमीटर नेला की एक टन-किलोमीटर). भागाकार केला की टन-किलोमीटरला 80 ग्रॅम येतात.

परतीची रिकामी फेरी गाळलीत तर हेच 44 ग्रॅम दिसतात. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. गोव्याबाहेर माल नेणाऱ्या गाडीला परतीचा माल मिळतो का, कुठे मिळतो, त्यासाठी ती किती रिकामी धावते, यावर तुमचा आकडा जवळपास दुप्पट-निम्मा होतो. इंजिन बदलून एवढा फरक पडत नाही. परतीला गाडी दुसऱ्या कुणाचा माल आणत असेल, तर त्या फेरीचं डिझेल त्याच्या खात्यात जातं. पण तसं बिल्टी (मालासोबतची वाहतूक पावती) बघूनच लिहा, ट्रान्सपोर्टरच्या तोंडी शब्दावर नको.

तुमचा माल चिप्स-फरसाणासारखा हलका असेल तर आणखी एक गोष्ट आहे. गाडी भरते, पण वजन 9 टनच होतं. डिझेल थोडंच कमी लागतं, टन-किलोमीटर मात्र निम्मे होतात आणि आकडा दीडशे ग्रॅमच्या आसपास जातो. ग्राहकाने याबद्दल विचारलं तर खोक्यांचं आकारमान आणि गाडीतली मांडणी दाखवा. सुधारणेला खरी जागा तिथे आहे.

अंतराची गोम अनेकांच्या लक्षात येत नाही. दरड कोसळून घाट बंद झाला आणि गाडी शंभर किलोमीटर लांबून गेली, तर डिझेल प्रत्यक्ष जळलं तेवढंच लिहायचं, पण भागायचं मात्र कमीत कमी शक्य अंतराने. प्रत्यक्ष अंतराने भागलंत तर वळसा दिसतच नाही, उलट लांबून गेल्याबद्दल शाबासकी मिळाल्यासारखं होतं. ई-वे बिलात (जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक परवान्यात) पिनकोडवरून येणारं अंतर रोजच्या कामाला पुरतं. वजन बिल्टीवर किंवा काट्याच्या पावतीवर असतंच.

या पद्धतीला आता आंतरराष्ट्रीय मानक आहे, 2023 सालचं आयएसओ 14083. स्मार्ट फ्रेट सेंटर या संस्थेची ग्लेक फ्रेमवर्क ही हिशेबाची मार्गदर्शिका त्याच्याशी जुळवलेली आहे आणि वाचायलाही सोपी आहे. रिकाम्या फेऱ्या, गोदामातली वीज, शीतवाहनातून गळणारा गॅस हे सगळं त्यात येतं. तुमचा माल थंड गाडीतून जात असेल तर गॅसकडे जरूर बघा. थंडाव्यासाठी वापरला जाणारा आर-404ए हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चार हजार पट ताप वाढवतो. एक किलो गळला की वरच्या हिशेबातल्या साडेचार फेऱ्यांएवढं उत्सर्जन झालं.

रेल्वेचा विचार कराच. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च 2022 मध्ये पूर्ण झालं, आणि कोलाड-वेर्णा रो-रो सेवेत अख्खा ट्रक वॅगनवर चढून इंजिन बंद ठेवून जातो. पण तिथे शून्य लिहू नका. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, आणि रेल्वे मालाबरोबर ट्रकचंही वजन ओढते. तरीही घाटातल्या डिझेलपेक्षा आकडा कमी येईल असा माझा अंदाज आहे.

पाठवण्याआधी ग्राहकाला एक विचारून घ्या: भाडं कोण भरतं? जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीत, तुम्ही भाडं भरत असाल तर हे तुमच्या स्कोप 3 च्या (म्हणजे तुमच्यासाठी इतरांकडून होणाऱ्या उत्सर्जनाच्या) श्रेणी 4 मध्ये येतं, ग्राहक भरत असेल तर तुमच्याकडे श्रेणी 9 मध्ये. पत्रात एकूण किलो, टन-किलोमीटरमागे ग्रॅम, आणि किती टक्के आकडे प्रत्यक्ष डिझेलवरून व किती अंदाजी गुणांकावरून आले, ही तीन माहिती द्या. पहिल्या वर्षी अंदाजी वाटा मोठा असला तरी तो लपवू नका. शीटचे रकाने हवे असतील तर खाली लिहा, मी वापरतो ते देतो.