उत्तर: ऑडिट रिपोर्टमध्ये शेकडो चुका आल्यात, आधी काय दुरुस्त करू?

भावा, गुळाच्या साईटचा तुझा लाल-पिवळा एसईओ रिपोर्ट (साईट गूगलवर वर यावी म्हणून केलेली तपासणी) बघितला. त्यातल्या चुकांपेक्षा तू सहज लिहून गेलेलं एक वाक्य जास्त महत्त्वाचं आहे: "साईट नवीन केल्यापासून ऑर्डरी आटल्या." तिथंच थांब. फोटोंचे अल्ट टेक्स्ट (फोटोत काय आहे ते सांगणारा मजकूर) भरायला घेतलायस ते बाजूला ठेव.

आमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान. साईट जुनाट होती, पण कापशी, पुकारी, बक्कलनाळी अशा प्रत्येक प्रकाराचं वेगळं पान होतं आणि पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी त्याच पानांवरून यायच्या. एका एजन्सीनं (नाव घेत नाही, उगाच वाद नको) साईट नवी करून दिली आणि सगळ्या पानांचे पत्ते बदलले. जुन्या पत्त्यावर ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही'. ओरड केली तर त्यांनी काय करावं? सगळे जुने पत्ते सरसकट होमपेजवर वळवले! कापशी शोधणाऱ्याला होमपेज दाखवलं की गूगल त्याला सॉफ्ट ४०४ धरतं, म्हणजे पान नसल्यातच जमा. जुन्या पानानं कमावलेली पत नव्या पानाला मिळतच नाही.

आणि दर महिन्याला एजन्सीच्या रिपोर्टची पीडीएफ मात्र वेळेवर. स्कोअर वाढतोय, हिरवा होतोय. बिलात मेटा कीवर्डचे (पानाच्या कोडमध्ये लिहिलेले, गिऱ्हाइकाला न दिसणारे शोधशब्द) पैसे लावलेले. ते आपण रँकिंगसाठी बघतच नाही, हे गूगलनं २००९ सालीच सांगितलंय. विचारायला गेलं की ठरलेलं उत्तर, "एसईओला वेळ लागतो, सर." २०२५च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्यावर जो तो कोल्हापुरी चपलेबद्दल बोलत होता, आणि आमची कापशी गूगलवर सापडत नव्हती. अजून आठवलं की डोकं फिरतं.

शेवटी दुसऱ्या एका पोरानं प्रत्येक जुनं पान त्याच्याच नव्या पानाकडे ३०१नं (पत्ता कायमचा बदललाय असं सांगणारी खूण) वळवलं. गिऱ्हाईक हळूहळू परत आलं, सगळं नाही.

म्हणून सर्च कन्सोलमध्ये (साईट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) साईट बदलायच्या आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने समोरासमोर लाव. गुळाचा हंगाम असतो, त्यामुळे जमलं तर गेल्या वर्षीचे तेच महिने घे. कोणत्या पानांचे क्लिक गेले ते बघ. त्यातली ऑर्डर देणारी पानं आधी, बाकी रिपोर्ट नंतर. ती पानं तिथल्याच यूआरएल तपासणीत (पानाचा पत्ता टाकून बघायची सोय) टाक: इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या यादीत, आहेत का, कुणी नोइंडेक्स (यादीत घेऊ नका अशी खूण) ठेवून गेलंय का, कॅनॉनिकल (खरं पान कोणतं ते सांगणारी खूण) भलत्याच पानाकडे बोट दाखवतोय का. तिथं घोळ असेल तर स्कोअर ९५ असूनही उपयोग शून्य.

उलट, कायमची बंद केलेली पानं ४०४ देत असतील तर देऊ देत. त्यानं बाकीच्या साईटला काही होत नाही, रिपोर्ट कितीही लाल करू दे.

वेगाचं म्हणशील तर मोबाईलवर पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला की पुरे. छोट्या दुकानांच्या साईटवर बहुतेक वेळा कॅमेऱ्यातून थेट चढवलेले अवजड फोटोच नडतात. ते लहान कर आणि सोड. त्यानंतर गूगलवर आठव्या ते विसाव्या नंबरावर दिसणारी, पण क्लिक न मिळणारी पानं घे, त्यांचे टायटल नीट लिही. माझ्या मते इथपर्यंत आलास की निम्मा रिपोर्ट फाडून टाकला तरी चालेल.

हे सगळं शे-दोनशे पानांच्या साईटच्या अनुभवावरून बोलतोय, हजारो पानं असतील तर गणित वेगळं. तुझी साईट मी आतून बघितलेली नाही, हेही धरून चाल.

आणखी एक, डोमेन आणि सर्च कन्सोल दोन्हींची मालकी स्वतःच्या ईमेलवर घे, एजन्सीला फक्त युजर म्हणून जोड. आमचं सगळं त्यांच्या नावावर होतं, सोडवून घेताना घाम फुटला. सर्च कन्सोलमध्ये मागचा १६ महिन्यांचाच डेटा राहतो, तेव्हा जुन्या पत्त्यांची यादी आज रात्रीच उतरवून घे.